उभ्या गाडीत धावणारं इंजिन

शिळफाट्याच्या कोंडीत गाडी उभी, पाय ॲक्सिलरेटरवर नाही, तरी इंजिन धावतंच आहे! माझ्या कार्बुरेटरच्या मारुती 800ची ही तऱ्हा. डोंबिवलीतल्या मेकॅनिकनं स्क्रू सैल करून आवाज खाली आणला. दोनच दिवसांनी अम्मीला दवाखान्यात नेताना कल्याणच्या पत्री पुलावर गाडी बंद पडली.

ठाण्यातल्या एका जुन्या उस्तादांनी मूळ दाखवलं. इंजिन तापल्यावर चोक पूर्ण आत हवा. अर्धवट राहिला तरी वेग चढतो. ॲक्सिलरेटरच्या केबलला किंचित ढील हवी, नाहीतर थ्रॉटल मिटत नाही. हे दोन्ही ठीक असेल, तर बहुधा हवेची गळती. इंजिनाच्या धगीनं मॅनिफोल्डच्या रबरी नळ्या कडक होतात, चिरतात. कार्बुरेटरला चुकवून हवा आत शिरते, मिश्रण विरळ होतं. इंजिन चालू ठेवून, पंख्यापासून हात सांभाळत, एकेक नळी पकडीनं दाबायची. आवाज उतरला, की चोर सापडला. काहीजण पेट्रोल शिंपडून गळती शोधतात. ते करू नका, आग लागते.

नळी बदलली, मगच स्क्रूला हात: मिनिटाला साधारण 800 ते 900 फेरे. आधी स्क्रू फिरवणं म्हणजे वृत्त चुकलं म्हणून चाल बदलणं.

अम्मी म्हणाली, ‘‘आता गाडी दम खाते.’’