टायर रिमवर बसविण्याच्या घातक रीती

वऱ्हाडांतील बंडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवितांना ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस चाकावर धाव ‘बसणें’ म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. सुतारानें तुंबा, आरे व पुठ्ठे जुळवून चाक तयार केलें, म्हणजे लोहार त्याच्या परिघाहून किंचित् अखूड अशी धाव जोडी, गोवऱ्यांच्या गोल आगटींत ती लाल होईपर्यंत तापवी, सांडशींनीं उचलून चाकावर ठोकी आणि लाकूड पेट घेण्यापूर्वीं तीवर पाणी ओती. लोखंडाची लांबी उष्णतेच्या दर अंशास दशलक्षांत सुमारें बारा भाग वाढते. साडेचार फूट व्यासाच्या चाकाचा परीघ १७० इंच धरिला, तर ५०० अंश तापलेली धाव सुमारें एक इंच लांब होते. निवतांना तितकीच आखडून सारे सांधे आवळून धरते. येथें विस्तव हेंच योग्य हत्यार आहे, कारण तापलेल्या लोखंडाच्या पोटांत कोंडलेलें असें कांहीं नसतें.

रबरी टायरची गोष्ट याच्या अगदीं उलट आहे. जॉन बॉइड डनलॉप यानें १८८८ मध्यें हवेच्या टायरचें पेटंट घेतलें. पुढें बैलगाडीस हवेचे टायर आले तेव्हां लोकांनीं तिला डनलॉप गाडी हेंच नांव देऊन टाकलें. आतां अमरावती-अकोल्याकडे ट्रॅक्टर व ट्रॉली नाहीं असें गांव शोधूनहि सांपडणें कठीण. पण टायरच्या पोटांत पेट्रोल किंवा एखादा ज्वालाग्राही फवारा मारून काडी लावण्याची व धडाक्यासरशीं टायर बसविण्याची रीत मोबाइलवरील चित्रफितींतून सर्वत्र दिसूं लागली आहे. धाव बसविणारा विस्तव रबरी टायरलाहि चालेल, हा समज प्राणघातक आहे असें आमचें स्पष्ट मत आहे.

टायरच्या आंतल्या काठांत पोलादी तारांचें कडें असतें. त्यास कारागीर बीड म्हणतात. तव्याच्या ओतीव बिडाशीं याचा कांहीं संबंध नाहीं. आम्ही येथें त्यास काठ असेंच म्हणूं. रिमवरील बैठक बाहेरच्या अंगास किंचित् चढती असते. हवा भरूं लागली कीं काठ त्या चढावरून सरकत रिमच्या ओठास टेकतो व टेकतांना ‘फट्’ असा आवाज होतो. ट्यूब असली तर हवा ट्यूबमध्येंच राहते, म्हणून काठ सैल असला तरी अडत नाहीं. ट्यूबलेस टायरांत मात्र काठ व रिम यांमध्यें फट राहिली, तर कॉम्प्रेसरची हवा जितकी आंत जाते तितकीच बाहेर पडते. येथेंच माणसाचा धीर सुटतो आणि हात काडेपेटीकडे जातो.

पेट्रोलची वाफ हवेंत शेंकडा सुमारें दीड ते साडेसात भाग असली तरच पेटते. या मर्यादेंत ती बंद जागेंत पेटली, तर दाब हवेच्या मूळ दाबाच्या सात-आठ पट, म्हणजे चौरस इंचास शंभर पौंडांवर जाऊं शकतो. किती पेट्रोल शिंपडलें असतां किती वाफ होईल हें मोजण्याचें साधन बांधावर कोणाजवळ असतें? मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढें जातो. त्या उन्हांत पेट्रोल क्षणांत उडतें, हवेहून जड अशी त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि पेटलेली ज्वाळा हातांतल्या डब्यापर्यंत माघारी येते. दिवाळीनंतर जिनिंगच्या वाटेवर कापसानें भरलेल्या ट्रॉलीखालीं हा प्रयोग केला, तर पुढें काय होईल तें शेतकऱ्यास सांगावयास नकोच.

बरें, धडाका होऊन टायर बसला तरी काम संपत नाहीं. भडका विझतांच आंतील वायु निवून आक्रसतो व काठ पुन्हां निसटूं पाहतो. म्हणून हे लोक घाईघाईनें कॉम्प्रेसरची नळी लावितात. आंत न जळलेली वाफ उरली असेल, तर तिला हवेचीच उणीव असते. ती या नळीनें पुरविली जाते आणि कोठें रबर धुमसत असेल तर दुसरा स्फोट होतो. तो पहिल्यापेक्षां वाईट, कारण आतां टायर बंद झालेला असतो. आइसलंडांत बर्फावरून प्रवास करणारे लोक अडचणींत ही युक्ति योजितात हें खरें; पण तेथें दूरवर मनुष्यवस्ती नसते. दर्यापूर किंवा अकोटच्या शेतकऱ्यावर तसा प्रसंग येत नाहीं.

दुसरी रीत इतकी रूढ आहे कीं तिला कोणी घातक समजतच नाहीं. काठ बसेना कीं हवा वाढवीत जावयाची! ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांत शेतकामास साधारण १२ ते १६ पौंड दाब पुरतो. काठ बसवितांना ३५ पौंडांपुढें जाऊं नये अशी सूचना शेतकीच्या पुष्कळ टायरांच्या अंगावरच कोरलेली असते. २८ इंची रिमवरील मोठ्या टायरच्या एका बाजूचें क्षेत्रफळ अंदाजें १४०० चौरस इंच धरा. ३५ पौंडांस तीवर ४९,००० पौंड, म्हणजे दोनशें क्विंटलांहून अधिक रेटा बसतो. ७० पौंडांस तो दुप्पट. रिमवर अडकलेल्या काठावर हा रेटा सर्वत्र सारखा वांटला जात नाहीं. एके ठिकाणीं ताण सांचून आंतील तार तुटते आणि टायर किंवा रिम तोफेच्या गोळ्यासारखी उडते. ट्रकच्या टायरांसाठीं ठेविलेला कॉम्प्रेसर शंभर पौंडांवर सहज जातो. जेथें टायरांत तीन-चतुर्थांश पाणी भरलेलें आहे, तेथें हवेची जागा थोडी असल्यानें कांटा पाहतां पाहतां चढतो.

ट्रॉलीस ट्रकचे जुने २० इंची टायर असले, तर त्यांची रिम बहुधा जोडाची असते व बाजूस लॉक रिंग असते. वांकलेली किंवा अर्धवट बसलेली रिंग हवा भरतांना हातोड्यानें ठोकून बसविणें म्हणजे मृत्यूस आमंत्रण होय. अमेरिकेंत १९८० च्या नियमानें अशा चाकांत हवा भरतांना लोखंडी पिंजरा आवश्यक ठरला, तो याचसाठीं. तसेंच टायर चढलेला असतां रिमला वेल्डिंग कधींहि करूं नये. आंतून तापलेल्या रबराचे वायु पेट घेतात, आणि व्हॉल्व्ह उघडा ठेविला तरी हा धोका टळत नाहीं.

काठ न बसण्याचें मूळ पुष्कळदां गंजांत असतें. काळ्या जमिनींत चाक घसरूं नये म्हणून टायरांत पाणी भरतात. पण पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत विहिरीचें पाणीच खारें. तें पंक्चरांतून किंवा व्हॉल्व्हशीं झिरपून रिम खातें आणि बैठकीवर पापुद्रे धरतात. म्हणून या पट्ट्यांतील शेतकऱ्यानें शक्यतों नळाचें किंवा पावसाचें गोडें पाणी भरावें, आणि टायर उतरेल त्या वेळीं रिम तारेच्या ब्रशानें घासून रंगवावी.

आतां बिनधोक रीत. प्रथम टायरवरील व रिमवरील मापें जुळतात कीं नाहींत तें पहावें. चीर गेलेली किंवा वांकलेली रिम बाजूस टाकावी. काठास व बैठकीस दाट साबणपाणी लावावें. इंजिनचें तेल किंवा ग्रीस नको, तें रबर खातें व पुढें टायर रिमवर फिरूं लागतो. ट्यूबलेस टायर फट धरूं देत नसेल तर त्याच्या मध्यावरून पट्टा किंवा दोर आवळावा, म्हणजे काठ बाहेर फांकतात. व्हॉल्व्हमधील पिन काढल्यास हवा जोरानें आंत शिरते. काठानें हवा धरतांच पट्टा सोडावा. नळीस चिमट्याचें तोंड व मधें दाबमापक असावा; नळी लांब घेऊन भरणाऱ्यानें टायरच्या बाजूसमोर न राहतां दूर, नक्षीच्या अंगास उभें रहावें, आणि पोरांस जवळ येऊं देऊं नये. ३५ पौंडांपर्यंत, किंवा टायरवर त्याहून कमी आंकडा असल्यास तेथपर्यंत, काठ बसला नाहीं तर सारी हवा सोडून, पुन्हां साबणपाणी लावून आरंभापासून सुरुवात करावी. काठाजवळ टायरवर एक बारीक रेघ असते. ती रिमपासून सर्व बाजूंनीं सारख्या अंतरावर दिसली म्हणजे टायर बसला. ट्यूब असल्यास एकदां सर्व हवा सोडून पुन्हां भरावी, म्हणजे ट्यूबच्या वळ्या उलगडतात, आणि मग कामाच्या दाबावर आणून चाक चढवावें.