कुलाब्याची 'तलवार'

विठ्ठलवाडी स्टेशनाबाहेर रिक्षावाले आजही 'कॅम्प चार' अशी हाक देतात. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीची ही खूण. १९४९ साली या छावणीचे उल्हासनगर झाले. महायुद्धाच्या काळात ठाण्याजवळ कोलशेतला रॉयल इंडियन नेव्हीचे 'अकबर' हे केंद्रही होते. पण युद्धकाळातले सर्वांत विलक्षण ठिकाण होते मुंबईच्या कुलाब्यात: 'तलवार'.

नाव जहाजाचे, पण ही होती जमिनीवरची सिग्नल शाळा. कानाला हेडफोन लावायचा, डिट-डा असा मोर्सचा आवाज ऐकायचा आणि त्यातली अक्षरे कागदावर भराभर उतरवायची, हे इथले शिक्षण. शिकून निघालेले टेलिग्राफिस्ट नौदलाच्या जहाजांवर आणि बिनतारी केंद्रांवर जात. इंग्रजी चांगले येणारी, वर्तमानपत्र वाचणारी ही पोरे. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या त्यांना सहन होणे शक्यच नव्हते.

१ डिसेंबर १९४५ला, नौदल दिनाच्या सकाळी 'तलवार'च्या आवारात 'क्विट इंडिया'च्या घोषणा रंगवलेल्या दिसल्या. फेब्रुवारीत सरसेनापती ऑकिनलेक येणार म्हणून पुन्हा घोषणा लिहिल्या गेल्या आणि टेलिग्राफिस्ट बी. सी. दत्त पकडले गेले. १८ फेब्रुवारी १९४६ला नाविकांनी अन्नाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी संप समिती बनली: एम. एस. खान अध्यक्ष, मदनसिंग उपाध्यक्ष. दोघेही संदेश विभागातलेच.

इथेच 'तलवार'चे वेगळेपण आहे. ज्यांच्या हाती बिनतारी यंत्रणा होती, तेच संपावर होते. बातमी जहाजाजहाजांवर गेली, कराचीलाही पोचली. 'अकबर'चे नाविकही संपात उतरले. बघता बघता ७८ जहाजे, २० किनारी केंद्रे आणि सुमारे २० हजार नाविक उठले. साम्राज्याने स्वतःच्या सोयीसाठी उभारलेली यंत्रणा त्याच्यावरच उलटली.

नाविकांना पाठिंबा देत मुंबईचे गिरणगावही रस्त्यावर आले. परळला गोळीबारात कार्यकर्त्या कमल दोंदे यांना प्राण गमवावे लागले. सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून २३ फेब्रुवारीला नाविकांनी शरणागती पत्करली.

त्यानंतर ४७६ जणांना नौदलातून काढले गेले, आणि स्वातंत्र्य मिळाल्यावरही त्यांना परत घेतले नाही. हा अन्यायच होता. पुढे कुलाब्यात उठावाचे स्मारक उभे राहिले, नौदलाने दोन टगबोटींना दत्त आणि मदनसिंग यांची नावेही दिली. पण कोलशेतच्या पोरांनीही या संपात उडी घेतली होती, हे ठाण्याच्या शाळांत शिकवले जायला हवे.