लाईट गेली म्हणून राउटरचा डबा होत नाही

बीडमध्ये राउटरचं बूट सॉफ्टवेअर अपडेट करायचा विषय काढा, उत्तर ठरलेलं असतं : ‘नको, मध्येच लाईट गेली तर डबा होईल.’ भीती उगाच नाही. औष्णिक वीज केंद्र जिल्ह्यातच, परळीला. पण २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून तेच बंद ठेवावं लागलं होतं. विजेचा भरवसा धरू नये, हे इथल्या माणसाला शिकवायला नको. घोळ त्यापुढे आहे.

‘मेमरी कार्डातून अपडेट’ म्हटलं की बूट सॉफ्टवेअर कार्डातच असतं असं लोक धरून चालतात. ते तिथे नसतं. सिस्कोचा २८०० किंवा ३८०० मालिकेतला राउटर घ्या. त्यातलं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात असायचं तेच, ५० पिनांचं. त्यावर असते आयओएस, म्हणजे राउटरची मुख्य प्रणाली. वीज आल्यावर सगळ्यात आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम, रॉमॉन, बोर्डावरच्या वेगळ्या चिपमध्ये असतो. त्याची नवी फाइल राउटरपर्यंत पोचवणं, एवढंच कार्डाचं काम.

आता लाईट घालवून पाहू. फाइल कार्डावर कॉपी होताना गेली, तर फाइल अर्धवट राहते. पुन्हा कॉपी करायची, विषय संपला. पूर्ण आलेली फाइल एमडी५ या पडताळणी-आकड्याने ताडून पाहायची आणि मगच ‘अपग्रेड रॉम-मॉनिटर’ हा आदेश द्यायचा. खरा धोका आहे तो यानंतर, चिपमध्ये लिहिलं जात असताना. पण तिथेही रॉमॉनच्या दोन प्रती असतात. एक कारखान्यातून आलेली, फक्त वाचता येणारी. तिच्यावर काहीच लिहिता येत नाही. अपडेट जातं दुसऱ्या जागी. नवी प्रत सुरू होईना, तर राउटर मुकाट्याने जुन्या प्रतीवर परततो. ‘शो रॉम-मॉनिटर’ टाइप केलं की दोन्ही आवृत्त्या पडद्यावर येतात आणि सध्या कोणती चालू आहे तेही दिसतं. हे पाहायला अर्धं मिनिट लागत नाही, तरी ‘डबा होईल’चं पालुपद काही थांबत नाही.

त्याहून वैताग आणणारी गोष्ट पुढची. कार्ड खराब झालं की कन्सोलवर ‘रॉमॉन’ अशी ओळ येऊन राउटर थांबतो, आणि ‘बूट उडालं’ म्हणून तो भंगारात निघतो. अहो, ती ओळ दाखवतोय कोण? बूट सॉफ्टवेअरच! ते जिवंत आहे, त्याला फक्त आयओएस सापडत नाहीये. चालू आयओएस असलेलं दुसरं कार्ड घाला, राउटर उठतो. कार्ड नसेल तर कन्सोल केबलने फाइल चढवता येते; पण ९६०० च्या वेगाने ३० एमबी जायला नऊ तासांहून जास्त लागतात. म्हणून एक जादा कार्ड जवळ असावं.

केबलवाल्यांच्या आवडत्या मायक्रोटिक राउटरमध्ये बूटसाठी कार्डाचा संबंध नाही, पण राखीव बूट लोडर तिथेही असतो. रिसेटचं बटण दाबून धरत वीज दिली की तो सुरू होतो.

घरच्या स्वस्त राउटरची गोष्ट मात्र वेगळी. त्यातल्या अनेकांत बूट लोडरची एकच प्रत असते. ती लिहिताना लाईट गेली, तर ‘डबा’ हा शब्द बरोबर.

मग हात तरी कशाला लावायचा? २०१५ च्या ऑगस्टमध्ये खुद्द सिस्कोनेच सावध केलं होतं : प्रशासकाचा पासवर्ड मिळवून हल्लेखोर रॉमॉनच बदलून टाकत आहेत. पुढच्याच महिन्यात फायरआय कंपनीने चार देशांतल्या १४ राउटरांमध्ये बदललेली आयओएस सापडल्याचं जाहीर केलं. त्या चार देशांत भारत होता, आणि या घुसखोरीच्या यादीतली मॉडेलं होती १८४१, २८११ आणि ३८२५. ‘आपल्या तालुक्याच्या राउटरला कोण विचारतंय’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

बाकीचे समज किरकोळ. आयओएस अपडेट केली म्हणजे रॉमॉनही झाला? नाही; मायक्रोटिकमध्येही राउटरओएस ही मुख्य प्रणाली आणि राउटरबूट हा बूट लोडर वेगवेगळे अपडेट करावे लागतात. कार्ड काढलं की सेटिंग जातात? सिस्कोच्या या राउटरांत ती एनव्हीरॅम या वेगळ्या मेमरीत असतात. चालू राउटरमधून कार्ड काढलं की नेट बंद पडतं? आयओएस रॅममध्ये उलगडलेली असते, त्यामुळे लगेच काही होत नाही. फक्त कार्डाचा दिवा लागलेला असताना काढू नये. कुठलंही मोठं कार्ड चालतं? २८११ ला २५६ एमबीपर्यंतचंच. फाइल कुठूनही उतरवली तरी चालते? वरचा २०१५ चा परिच्छेद पुन्हा वाचा.

२८०० मालिकेला कंपनीचा आधार ऑक्टोबर २०१६ मध्येच संपला. तुमच्या रॅकमध्ये त्यातला राउटर असेल, तर कार्ड शोधण्याआधी नव्या राउटरसाठी मागणीपत्र टाका.