नदी शाळेच्या दारात, भूगोल पुस्तकात

आपल्या शालेय शिक्षणात भूगोलाइतका उपेक्षित विषय क्वचितच दुसरा असेल. इतिहासाला निदान अभिमानाचा आधार आहे, गणिताला भीतीचा आणि इंग्रजीला नोकरीचा. भूगोलाला यांपैकी कशाचाच आधार नाही. नकाशे भरावेत, पिके आणि खनिजे पाठ करावीत, शालान्त परीक्षेतील चाळीस गुणांपैकी जमतील तेवढे पदरात पाडून घ्यावेत आणि पुस्तक रद्दीत घालावे, एवढाच त्याचा आपल्याशी संबंध. या उपेक्षित विषयाच्या शेजारी गेल्या तीन दशकांत ‘पर्यावरण शिक्षण’ येऊन बसले. दोघांची अवस्था आज सारखीच आहे. आणि ती तपासून पाहायची तर रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील मोहोपाड्याचे उदाहरण पुरेसे बोलके आहे.

मोहोपाडा पाताळगंगेच्या खोऱ्यात वसले आहे. या नदीची कथा विलक्षण आहे. घाटमाथ्यावरील वळवण, लोणावळा आणि शिरवटा या तलावांचे पाणी मुळात पूर्वेकडे, भीमेच्या वाटेने कृष्णेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जाणारे. टाटांच्या जलविद्युत योजनेने ते अडविले आणि प्रचंड नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली उतरविले. १९१५ साली खोपोलीचे वीजगृह सुरू झाले, आणि जनित्रे फिरवून मोकळे झालेले पाणी पाताळगंगेत पडू लागले. कोकणातील कितीतरी नद्यांचे पात्र उन्हाळ्यात कोरडे पडते, तेव्हाही पाताळगंगा वाहते ती त्यामुळे. वाहत्या पाण्यामागोमाग कारखाने आले. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना येथे उभा राहिला. डीडीटी बनविणारा हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सचा कारखाना आला. औद्योगिक वसाहत झाली, आणि साऱ्या परिसराला ‘रसायनी’ हे नवे नाव मिळाले. पुढे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत पाताळगंगेचे नाव आले. २०१७ साली केंद्र सरकारने ऑरगॅनिक केमिकल्सचा येथील कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. अवकाश संशोधनास लागणारे नायट्रोजन टेट्रॉक्साइड तयार करणारा विभाग तेवढा त्यातून वगळला.

जलविभाजक, ऊर्जासाधने, उद्योगांचे स्थानिकीकरण, लोकसंख्येचे स्थलांतर, प्रदूषण आणि उद्योगांचा अस्त अशी भूगोलाची बहुतेक प्रकरणे या एका खोऱ्यात हाताला लागतात. पण येथील विद्यार्थी दहावीत वाचतो काय? २०१८ साली आलेल्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. ती उपयुक्त आहे, आणि ॲमेझॉनची माहिती कोणालाही जड होऊ नये. त्याच पुस्तकाचा पहिला पाठ ‘क्षेत्रभेट’ हा आहे. नळदुर्गचे विद्यार्थी अलिबागपर्यंत प्रवास करतात आणि वाटेत बदलत जाणारी जमीन, पिके, घाट व किनारा पाहतात, अशी त्याची रचना आहे. कल्पना उत्तम आहे. परंतु परीक्षेच्या यंत्रात पडताच तिचे काय होते पाहा. ‘क्षेत्रभेटीसाठी प्रश्नावली तयार करा’, ‘क्षेत्रभेटीत कचऱ्याचे व्यवस्थापन कसे कराल?’ असे प्रश्न येतात, आणि त्यांची उत्तरे मार्गदर्शकात छापून मिळतात. न केलेल्या प्रवासाचे वर्णन पाठ करून मुले पूर्ण गुण मिळवितात. शाळेबाहेर पाऊल टाकावे म्हणून लिहिलेला पाठ अशा रीतीने बाकावर बसूनच संपतो.

पर्यावरण शिक्षणाचा इतिहासही याहून फार वेगळा नाही. ॲडव्होकेट एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला. अंमलबजावणी रेंगाळल्यामुळे डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा लक्ष घालावे लागले आणि राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे आदर्श अभ्यासक्रम तयार करण्याचे काम सोपवावे लागले. पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेने निरनिराळ्या राज्यांची पाठ्यपुस्तके तपासून त्यांत पर्यावरणविषयक संकल्पना कितपत उतरल्या आहेत याचा अभ्यास केला. आपल्या राज्यातही पुस्तके निघाली. ‘जलसुरक्षा’ हा शब्दही विषयाच्या नावात आला. न्यायालयाच्या आदेशाने विषय वेळापत्रकात येतो, हे यावरून सिद्ध झाले. तो मुलाच्या मनात कसा उतरावा, हा प्रश्न मात्र न्यायालयाने सोडविण्याचा नव्हताच. तो शिक्षणक्षेत्राने सोडवायचा होता.

त्याचे उत्तर संशोधनाने पूर्वीच दिलेले आहे. मूल शाळेत येते तेव्हा त्याच्या मनाची पाटी कोरी नसते; पृथ्वी, पाऊस, झाडे, नदी यांविषयी त्याच्या काही कल्पना आधीच घडलेल्या असतात, आणि नवे ज्ञान त्यांच्याशी जोडले गेले तरच टिकते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात चित्रा नटराजन, सुग्रा चुनावाला, जयश्री रामदास आदी संशोधकांनी मुलांच्या अशा कल्पनांचा कसून शोध घेतला, आणि त्यात आदिवासी विद्यार्थ्यांचाही समावेश होता. खालापूर-कर्जतच्या डोंगरवाड्यांतील ठाकर किंवा कातकरी मुलाला रानभाज्या, ओढे आणि वाटा ठाऊक असतात. त्या ज्ञानाला वर्गात स्थान नसेल, तर ते मूल ‘भूगोलात कच्चे’ ठरते.

पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश विचारवंत १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. डोंगरापासून समुद्रापर्यंतच्या एका नदीखोऱ्याचा छेद घ्यावा आणि जमीन, व्यवसाय व वस्ती यांचे नाते त्यात वाचावे, अशी त्यांची पद्धत होती. वर डोंगरातील वाड्या, मध्ये भातखाचरे आणि कारखाने, खाली धरमतरची खाडी आणि तेथील कोळी, हा पाताळगंगेचा छेद गेडिस यांच्या आकृतीला शोभेल असाच आहे. आपल्या शाळांतून तो अजून कोणी काढून घेत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

हा केवळ अध्यापनपद्धतीचा वाद नव्हे. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत या वाडीचे नाव नव्हते. शाळेतल्या एखाद्या धड्याने ही आपत्ती टळली असती असे म्हणणे मृतांवर आणि शिक्षकांवरही अन्याय करणारे ठरेल. परंतु उतार, माती आणि पाऊस यांचा संबंध ओळखणारी नजर शेजारच्या प्रत्येक वाडीत असावी की नसावी? २००४ च्या डिसेंबरात थायलंडच्या किनाऱ्यावर टिली स्मिथ या दहा वर्षांच्या ब्रिटिश मुलीने समुद्राचे विचित्र वागणे पाहून त्सुनामी ओळखली आणि किनारा रिकामा करविला. भूगोलाच्या तासाला दोनच आठवड्यांपूर्वी ते तिला शिकविले गेले होते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की शिक्षकाला सवड कोठे आहे? जनगणना, निवडणूक, निरनिराळी सर्वेक्षणे आणि माहितीचे तक्ते यांतून उरलेल्या वेळात तो शिकवितो. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर शासनाने द्यावयाचे आहे. दुसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही. ज्या वर्गातील निम्म्या मुलांच्या वडिलांची भाकरी कारखान्यावर अवलंबून आहे, तेथे नदीच्या प्रदूषणाविषयी काय बोलावे? म्हणून ‘झाडे लावा’ एवढ्यावर धडा आटोपला जातो. वस्तुतः याच वर्गात हा प्रश्न प्रामाणिकपणे मांडता येतो. कारखान्याने घरे उभी केली आणि शिक्षण दिले हेही खरे. नदीने त्याची किंमत मोजली हेही खरे. आणि कारखाना बंद पडला तेव्हा कामगाराने काय गमावले, हेही तितकेच खरे. या तिन्ही गोष्टी एका नकाशावर मांडणे हाच भूगोल. त्यातून कारखान्याचा द्वेष शिकविला जाईल ही भीती अनाठायी आहे. मुले हिशेब मांडायला शिकतील.

यासाठी नव्या विषयाची, नव्या पुस्तकाची किंवा नव्या समितीची आवश्यकता नाही. तिसरीसाठी जिल्हावार पुस्तक काढण्याची दृष्टी बालभारतीने पूर्वीच दाखविली आहे. तो धागा तिसरीलाच तुटू नये, एवढेच मागणे आहे. प्रत्येक माध्यमिक शाळेत एक साधे पर्जन्यमापक असावे आणि मुलांनीच त्याची नोंद ठेवावी. वर्षातून तीनदा, पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यात सुरक्षित अंतरावरून आणि हिवाळ्यात, नदीचे निरीक्षण व्हावे. गावातील वृद्धांकडून जुन्या पुरांची आणि दरडींची माहिती घेऊन ती समोच्च रेषांच्या नकाशावर मांडावी. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण या नोंदवहीला द्यावेत आणि ती नोंदवही पुढच्या वर्गाकडे सोपवावी. दहा वर्षांत मोहोपाड्याच्या शाळेजवळ आपल्या खोऱ्याचा असा दस्तऐवज तयार होईल, की तालुक्याच्या कचेरीलाही तो मागून न्यावासा वाटेल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून राज्यातील अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलत आहे. त्यात भूगोलाचे काही पाठ गाळले जातील, काही नवे येतील. त्या चर्चेत पाठांच्या यादीइतकेच शाळेच्या कुंपणापलीकडे वाहणाऱ्या नदीकडेही लक्ष जावे. खालापूरच्या मुलाने ॲमेझॉनचे खोरे अवश्य अभ्यासावे. मात्र आपल्या घरावरच्या डोंगराचा उतार किती आहे, हे त्याला त्याआधी सांगता आले पाहिजे.