खुब्याचा सांधा बदलला, पुढे काय?

झिजलेला किंवा मोडलेला खुबा काढून नवा सांधा बसविण्याची आजची शस्त्रक्रिया इंग्लंडचे डॉ. जॉन चार्नली यांनी १९६२ साली रूढ केली. मांडीच्या हाडात धातूचा गोळा, कमरेच्या हाडात वाटी, एवढीच तिची रचना. धाराशिव जिल्ह्यातून रुग्ण सोलापूर-लातूरला जाऊन ती करून घेतात. डॉक्टरांचे काम दोन-तीन तासांचे. घरच्यांचे मात्र तीन महिन्यांचे.

आपले सारे जगणे जमिनीवरचे. चूल, जेवण, संडास, खुरपणी, सगळे मांडी घालून नाहीतर उकिडवे बसून. नव्या सांध्याला नेमके हेच चालत नाही. गुडघा कमरेच्या वर गेला, पायावर पाय पडला किंवा पाय आत वळला, तर गोळा वाटीतून निसटण्याचा धोका असतो. म्हणून रुग्ण घरी येण्याआधीच हाताची उंच खुर्ची, संडासाला कमोडची खुर्ची आणि झोळ न पडणारी खाट यांची सोय करावी. वाटेतली पोती, सतरंज्या उचलाव्यात. झोपताना दोन पायांत उशी ठेवावी.

‘हलू नको, टाके उसवतील’ ही समजूत सोडावी. बहुतेकांना दुसऱ्या दिवशीच वॉकर धरून उभे करतात. पडल्या पडल्या पावले खालीवर हलवावीत, म्हणजे रक्त गोठत नाही. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. काठी ऑपरेशनच्या विरुद्ध हातात धरावी.

पोटरी सुजून दुखली, ताप आला, जखम वाहू लागली किंवा पाय एकाएकी आखूड दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दम लागला, छातीत दुखले, तर लगेच १०८ ला फोन करावा.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्रांना भरती होण्यापूर्वीच भेटावे. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत न्यावे आणि आपले ऑपरेशन योजनेत कोणत्या रुग्णालयात बसते, ते विचारून घ्यावे.

आम्ही वस्तीत पाहतो, आजारी पुरुषाला सारे घर जपते. बाई मात्र महिन्याभरात भांड्यांपाशी उकिडवी बसते. मजुरी बुडाली, त्यात घरकामही अडले, या संकोचाने ती बसते. तेव्हा भांडी, धुणे, पाणी मुलांनी आणि घरधन्याने वाटून घ्यावे. पुढेही तिला खुरपणीऐवजी उभ्याचे किंवा खुर्चीवरचे काम पाहावे. विहारात वंदनेला तिच्यासाठी एक खुर्ची ठेवावी, आणि तिथवर तिला चालत येऊ द्यावे.