शिकता गोवा (भाग ९) : कुंपणाच्या आतलं गाव

मागच्या भागात आपण ताळगावच्या पठारावरचं गोवा विद्यापीठ पाहिलं. १९८५ साली सुरू झालेलं, सुमारे ४२७ एकरांवर पसरलेलं आणि राज्यभरातली महाविद्यालयं स्वतःला जोडून घेतलेलं हे सरकारी विद्यापीठ. आज पाहायची संस्था अगदी वेगळ्या घडणीची आहे. तिला कुठलंही महाविद्यालय संलग्न नाही. तिचे विद्यार्थी सकाळच्या बसने येत नाहीत आणि संध्याकाळच्या बसने परतत नाहीत. शहराच्या वेशीवरच्या मोकळ्या सड्यावर कुंपण घालून वसवलेलं हे खासगी शिक्षणाचं गाव आहे. पेडणे-डिचोलीच्या वाचकांनी ते नीट समजून घ्यायला हवं, कारण अशा संस्थांना लागणाऱ्या मोठ्या जमिनी यापुढे उत्तर गोव्यातही शोधल्या जाणार आहेत.

आधी कायद्याचं थोडं. दाखल्यावर ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द कोणालाही छापता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार तीन प्रकारच्या संस्थांना मिळतो: संसदेच्या किंवा विधानसभेच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, केंद्राने कलम ३ खाली मान्यता दिलेलं अभिमत विद्यापीठ आणि संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. विधानसभेने कायदा करून खासगी संस्थेला विद्यापीठ करण्याची वाट देशात १९९५ साली सिक्कीममध्ये उघडली. तिचा अतिरेक छत्तीसगडने केला. २००२ च्या कायद्याच्या आधारे तिथे थोड्याच काळात शंभराहून अधिक ‘विद्यापीठं’ उभी राहिली. त्यांतली कित्येक भाड्याच्या खोल्यांत होती. २००५ मध्ये शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातल्या संबंधित तरतुदी रद्द केल्या. म्हणून आज खासगी विद्यापीठाला स्वतःची जागा, इमारती आणि शिक्षक दाखवावे लागतात, आणि बाहेरची महाविद्यालयं स्वतःला संलग्न करून घेता येत नाहीत.

गोव्यात कुंपणातल्या शिक्षणाचा मोठा नमुना, म्हणजेच आजची आपली संस्था, झुआरीनगरचं बिट्स पिलानी. मूळ संस्था राजस्थानातली. बिर्लांनी पिलानी गावात काढलेली महाविद्यालयं एकत्र करून १९६४ साली ती उभी राहिली आणि अभिमत विद्यापीठ ठरली. गोव्यातला परिसर २००४ साली सुरू झाला, आणि ५ मे २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी त्याचं उद्घाटन केलं. जागा सुमारे १८० एकर, मुरगाव तालुक्यात सांकवाळच्या सड्यावर. शेजारीच बिर्लांनी उभारलेला झुआरीचा खत कारखाना. दाबोळी विमानतळ हाकेच्या अंतरावर, वास्को जवळ, बोगमाळोचा किनाराही जवळ. नाव के. के. बिर्ला गोवा कॅम्पस. शहराला लागून, पण शहरात नाही, अशी जागा खासगी विद्यापीठांना का हवी असते हे इथे उघड दिसतं. शेकडो एकर सलग जमीन शहरात मिळत नाही, आणि विमानतळाशिवाय देशभरातले विद्यार्थी व कंपन्यांचे लोक येत नाहीत.

शिकवण्याची पद्धतही आपल्या महाविद्यालयांहून निराळी आहे. हजेरीची सक्ती नाही. सत्राच्या सुरुवातीला विद्यार्थी स्वतःचं वेळापत्रक आखतो आणि शक्य असेल तिथे शिक्षकही निवडतो. गणित, भौतिकशास्त्र किंवा अर्थशास्त्रातली एम.एस्सी. आणि अभियांत्रिकीची बी.ई. अशा दोन पदव्या जोडीने घेता येतात. दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात सुमारे दोन महिने आणि शेवटच्या वर्षात जवळपास पूर्ण सत्र कंपनीत किंवा प्रयोगशाळेत काम करायचं, याला तिथे ‘प्रॅक्टिस स्कूल’ म्हणतात. ही सवलत नव्हे, अभ्यासक्रमाचाच भाग. मोकळीक मोठी, पण सतराव्या-अठराव्या वर्षी घरापासून दूर राहून स्वतःचा दिवस स्वतः आखायची जबाबदारीही तेवढीच मोठी. सगळ्यांनाच ती पहिल्या वर्षी पेलते असं नाही. त्यामुळे अशा संस्थेत समुपदेशकाची खोली ग्रंथालयाइतकीच गरजेची असते.

वर्ग सुटल्यावर खरा परिसर सुरू होतो. वसतिगृहं एएच, सीएच अशा अक्षरांनी ओळखली जातात. मेसमध्ये राजमा-चावल, डोसा आणि पोहे एकाच आठवड्यात येतात, कारण जेवणारी मुलं जयपूरपासून चेन्नईपर्यंतची. परीक्षेच्या दिवसांत मध्यरात्रीनंतरही चहा आणि मॅगीला गर्दी असते. ‘वेव्हज्’ हा सांस्कृतिक, ‘क्वार्क’ हा तांत्रिक आणि ‘स्प्री’ हा क्रीडा महोत्सव विद्यार्थीच आखतात. प्रायोजक शोधण्यापासून मंडप उतरवण्यापर्यंत सगळं त्यांच्याच अंगावर. नाटक, यंत्रमानव, संगीत, वादविवाद यांचे क्लब आहेत. ‘निर्माण’ ही विद्यार्थ्यांनी चालवलेली सामाजिक संस्था आसपासच्या मुलांबरोबर काम करते. इथे झालेली मैत्री पुढे नोकरीत आणि स्वतःचा धंदा उभारताना उपयोगी पडते. फीच्या पावतीवर नसलेली पण पालक मनात धरून असलेली गोष्ट बहुधा हीच.

मात्र या गावात शिरायचं दार अखिल भारतीय आहे. बिटसॅट ही संगणकावरची प्रवेशपरीक्षा, आणि मुख्यतः त्यातलेच गुण. प्रांताचा कोटा नाही, संस्थाचालकांचा कोटाही नाही. गुणवत्तेच्या दृष्टीने हे स्वच्छ आहे. पण त्यामुळे गोव्याच्या जमिनीवर उभ्या असलेल्या परिसरात गोव्याची मुलं किती असावीत, याची कुठलीही हमी राहत नाही. आणि पेडण्याच्या मुलाला म्हापसा, पणजी, मग वास्को असं बस बदलत रोज जाणं-येणं अशक्यच. तो निवडला गेला तरी वसतिगृहातच राहणार, आणि त्या अर्थाने जयपूरच्या मुलाइतकाच दूरचा असणार.

आता उत्तरेकडे येऊ. पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादीतले तालुके. मराठी शिक्षणाची ओढ इथे जुनी. पेडण्यातच जन्मलेले दयानंद बांदोडकर १९६३ साली मुख्यमंत्री झाले आणि प्राथमिक शाळा वाड्यावाड्यांवर पोहोचल्या. महाविद्यालयाला त्यानंतरही वाट पाहावी लागली. साखळीचं सरकारी कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय १९८८ चं. पेडण्यात विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ अंबिये यांच्या नावाचं सरकारी महाविद्यालय आहे, आणि डिचोलीत नारायण झांट्ये वाणिज्य महाविद्यालय. ही सगळी दिवसाची महाविद्यालयं. त्यांचं वेळापत्रक कदंबच्या आणि खासगी बसच्या वेळेशी बांधलेलं. शेवटचा तास बसच्या आधी संपायला हवा, म्हणून क्लब आणि तालमी मधल्या सुट्टीत. चवथ, शिगमो, पेडण्याची पुनव आली की वर्ग ओस. गावातलं नाटक आणि भजनीमंडळ यांत मुलं जे शिकतात ते गुणपत्रिकेत येत नाही. इथे कॅम्पस लाइफ आहे, ते गावातच आहे आणि त्याला कुंपण नाही.

दोन्हींच्या मध्ये उभी असलेली संस्थाही याच पट्ट्यात आहे. गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट १९९३ साली फादर रोम्युआल्ड डिसोझा यांनी सुरू केली आणि ती बरीच वर्षं रायबंदरच्या जुन्या इस्पितळाच्या वास्तूत चालली. २०१० च्या सुमारास ती साखळीला लागून असलेल्या पर्ये गावी, सत्तरीच्या हद्दीत, सुमारे ५० एकरांवर गेली. ती विद्यापीठ नव्हे. तिचा मुख्य अभ्यासक्रम व्यवस्थापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा. विद्यार्थी बहुतेक गोव्याबाहेरचे आणि निवासी. पण ‘गिव्ह गोवा’ या उपक्रमात त्यांना स्थानिक शाळा आणि सेवाभावी संस्थांबरोबर काम करावं लागतं, आणि ते अभ्यासाचाच भाग मानलं जातं. कुंपण ठेवूनही फाटक उघडं ठेवता येतं, याचं हे घरच्या अंगणातलं उदाहरण.

पेडण्याचं चित्र तर अलीकडच्या काळात पालटलं. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाच्या विमानतळाबरोबरच धारगळच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचंही उद्घाटन झालं. ही संस्था केंद्र सरकारची, पण तिच्याबरोबर इस्पितळ, विद्यार्थी, वसतिगृह आणि बाहेरगावचे प्राध्यापक तालुक्यात आले. विमानतळ आला की जमिनीचा भाव चढतो आणि शिक्षणसंस्थांनाही तीच जमीन हवी असते. झुआरीनगरला जे जुळून आलं, मोकळा सडा, महामार्ग आणि विमानतळ, ते आता पेडण्यातही जुळलं आहे. मोठी शिक्षणसंस्था म्हटली की गाव हारच घेऊन उभं राहील असंही नाही. सत्तरीत शेळ-मेळावलीच्या लोकांनी आयआयटीला जमीन द्यायला विरोध केला आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारला ती जागा सोडावी लागली. ‘आम्हांला आयआयटी नको’ यापेक्षा ‘आमच्या जमिनीचं काय’ हा तिथला प्रश्न होता.

म्हणून उद्या आपल्या सड्यावर एखाद्या खासगी विद्यापीठाचा फलक लागला, तर पालकांनी आणि पंचायतीने वेगवेगळे प्रश्न विचारायला हवेत. पालकांनी पाहावं: संस्था अनुदान आयोगाच्या यादीत आहे का, वैद्यक, कायदा, फार्मसी असेल तर त्या त्या परिषदेची मान्यता आहे का, मिळणार ती पदवी की डिप्लोमा, फीमध्ये वसतिगृह आणि मेस धरली आहे का. पंचायतीने विचारावं: हजारो मुलांचं पाणी कुठून येणार? तिळारीच्या कालव्यावर शेती आणि नळ आधीच अवलंबून आहेत. सांडपाणी कुठे जाणार? ग्रंथालय आणि मैदान विर्नोड्याच्या किंवा साखळीच्या विद्यार्थ्याला उघडं असेल का? रात्री घरी परतणाऱ्या स्थानिक मुलांसाठी बस असेल का? परवानग्यांच्या वेळी हे कागदावर आलं नाही, तर नंतर ते मागून मिळत नाही.

खासगी निवासी विद्यापीठ वाईट नाही. झुआरीनगरने गोव्याला देशाच्या अभियांत्रिकीच्या नकाशावर आणलं, हे खरंच आहे. पण पेडणे-डिचोलीच्या मुलाला त्याचा उपयोग व्हायचा असेल, तर तो त्या परिसरात विद्यार्थी म्हणून शिरायला हवा. नुसता सुरक्षारक्षक, माळी किंवा खोल्या भाड्याने देणारा म्हणून नव्हे.

पुढच्या भागात : वसतिगृहाचा खर्च, शिष्यवृत्त्या आणि शैक्षणिक कर्ज. बँकेच्या फॉर्मवर सही करण्याआधी काय वाचावं.