कळफलकावरील दिवा

‘कॅप्स लॉक’ची कळ दाबताच कळफलकावरील दिवा लागतो; म्हणून कळच तो लावते, असा समज होतो. वस्तुतः कळ संगणकास केवळ वर्दी देते. संगणक ती नोंदवून कळफलकास उलट आज्ञा धाडतो, तेव्हा दिवा लागतो. यूएसबी कळफलकास ही आज्ञा एका बाइटमधून मिळते. तीत प्रत्येक दिव्यास एक बिट नेमलेला असतो. कळांखालील प्रकाश मात्र पुष्कळदा कळफलकातील नियंत्रकच सांभाळतो. यास्तव कळ दाबूनही दिवा बदलत नसेल, तर संगणकच अडला असण्याचा संभव असतो. दिवा लागलेला असल्यास लहान अक्षरांऐवजी मोठी उमटतात आणि विद्यार्थ्याचा अचूक इंग्रजी संकेतशब्दही नाकारला जातो. मुलास दोष देण्यापूर्वी शिक्षकांनी दिवा पाहावा.